चतुर्थीपर्यंत थांबू नका: बाबांच्या मानेच्या सीटी अँजिओग्राफीबद्दल

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वाळपईच्या घरी परवा सकाळी चहा पिताना बाबांच्या उजव्या हातातला पाव गळून पडला, शब्द जिभेवर अडकू लागले आणि बारा-पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. वय ६८, मधुमेह जुना, रक्तदाबाची गोळी चालू, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.६. त्याच दिवशी डोक्याचा साधा सीटी काढला, तो नॉर्मल आला. डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली आणि मानेची व डोक्याची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून आयोडीनचं औषध (डाय) सोडून धमन्या दाखवणारा सीटी, लिहून दिली. आता तुमचे प्रश्न असे: सीटी नॉर्मल असताना पुन्हा सीटी कशाला? त्यापेक्षा एमआरआय किंवा स्वस्तातलं डॉपलर (मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी) चालणार नाही का? डायने किडनी जाईल का? बाबांना सुंगटं (कोळंबी) खाल्ली की अंगावर गांधी उठतात, मग आयोडीनचं इंजेक्शन द्यावं का? मशीन ६४ स्लाइसचं आहे, मोठ्या मशीनसाठी मुंबई गाठावी का? आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारलंत: चतुर्थी आठ दिवसांवर आली आहे, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) दरवर्षी बाबाच बांधतात, ते आता ऐकत नाहीत, चतुर्थीनंतर केलं तर चालेल का?

माझ्या मते खरा प्रश्न हा शेवटचाच आहे. त्याचं उत्तर आधी देतो: चालणार नाही. जमलं तर आज, नाहीतर उद्या सकाळी करा.

मी गोव्यात बावीस वर्षं रेडिओलॉजी करतो आहे. बाबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे औषधाच्या मात्रा वगैरेंबद्दल बोलणार नाही. तिथे तुमच्या डॉक्टरांचाच शब्द शेवटचा. पण ही तपासणी मी रोज करतो, रोज वाचतो, आणि ती वेळेत न झाल्याने काय होतं तेही पाहिलं आहे.

आपल्याकडे म्हणतात, ‘वारं येऊन गेलं’. येऊन गेलं म्हणजे टळलं, असा त्याचा अर्थ लावला जातो आणि तिथेच घात होतो. बाबांना जे झालं त्याला डॉक्टर टीआयए म्हणतात: मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थोडा वेळ तुटला आणि परत जुळला. गुठळी आली, अडकली, सुदैवाने विरघळली किंवा पुढे सरकली. पण ती जिथून सुटली ती जागा तशीच आहे. अशा झटक्यानंतर खऱ्या पक्षाघाताचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि पुढच्या दोन आठवड्यांत हळूहळू उतरतो. तुम्ही लिहिलंत तेव्हा त्यातले ४८ तास संपत आले होते. म्हणून ती जागा शोधायची घाई.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शुक्रवारी संध्याकाळी असाच एक रुग्ण माझ्यासमोर आला होता. बोलणं पाच मिनिटं गेलं होतं आणि परत आलं होतं. चालत आला, हसून बोलला. क्रिएटिनिनचा रिपोर्ट आला नव्हता, तंत्रज्ञ घरी जायच्या बेतात होता, आणि मी म्हटलं, सोमवारी सकाळी पहिला नंबर तुमचा. सोमवारी तो स्ट्रेचरवर आला, उजवी बाजू पूर्ण गेलेली. डाव्या बाजूची मानेतली धमनी सुतासारखी बारीक झालेली त्या दिवशीच्या स्कॅनमध्ये दिसली. शुक्रवारीही ती तशीच दिसली असती. त्यानंतर टीआयएच्या रुग्णाला मी ‘नंतर या’ म्हटलेलं नाही.

आता साधा सीटी नॉर्मल आला त्याचं. तो काढला होता रक्तस्राव नाही ना, हे बघायला, आणि ते काम त्याने चोख केलं. त्यामुळेच अ‍ॅस्पिरिन सुरू करता आलं. पण साध्या सीटीत धमनीचं आतलं पोकळ अंग दिसत नाही. सीटीच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे १०००, आणि वाहतं रक्त साधारण ४०. आजूबाजूचा स्नायू, मेंदूचा पदार्थ हेही त्याच्याच आसपास. करड्यात करडं. नळी कुठे अरुंद झाली आहे हे त्यात ओळखू येत नाही. रक्तात आयोडीन मिसळलं की तोच आकडा ३०० च्या वर जातो आणि धमनी पांढरीशुभ्र उजळते.

आयोडीनच का? कारण तो जड अणू आहे, क्ष-किरण अडवतो आणि शरीर तो मूत्रावाटे बाहेर टाकू शकतं. ही कल्पना जुनी आहे. १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ या पोर्तुगीज डॉक्टरने माणसाच्या मानेतल्या धमनीत आयोडीनचा क्षार सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं पहिलं चित्र काढलं. गोवा तेव्हा पोर्तुगालच्याच ताब्यात होता. त्या काळी त्यासाठी मानेतली धमनीच गाठावी लागे. आज कोपरातल्या शिरेत सुई लावली की काम होतं, आणि ज्या सीटीने हे शक्य झालं त्यावर पहिल्या रुग्णाचा मेंदू १९७१ साली इंग्लंडमध्ये पाहिला गेला.

स्कॅनच्या खोलीत नेमकं काय होतं ते सांगतो, म्हणजे बाबांना समजावणं सोपं जाईल. उजव्या हाताच्या कोपरात जाड सुई लावतात, हिरव्या किंवा गुलाबी टोपीची. बारीक निळी सुई चालत नाही, कारण डाय सेकंदाला चार ते पाच मिलिलीटर वेगाने जायला हवं. उजवाच हात का, असं बरेच जण विचारतात. डाव्या हातातून दिलेलं दाट डाय ज्या शिरेतून हृदयाकडे जातं ती शीर छातीत नेमकी त्याच धमन्यांच्या पुढून आडवी जाते ज्या आपल्याला बघायच्या असतात. तिथे चकाकी येते आणि धमन्यांची मुळं झाकली जातात. आधी नुसतं सलाइन जोरात सोडून सुई नीट बसली आहे का ते बघतो. हे वगळून पुढे गेलं आणि डाय शिरेबाहेर गेलं, तर हात सुजतो आणि चित्रही मिळत नाही.

मग सगळा खेळ वेळेचा. डाय एकूण ५० ते ८० मिलिलीटर, त्यामागून सलाइनचा लोट. ते शिरेतून हृदयात, फुफ्फुसांत, पुन्हा हृदयात आणि मग महाधमनीत येतं. तरुण माणसात हे १५ सेकंदांत होतं. ज्याचं हृदय थकलं आहे त्याच्यात २५ किंवा ३० लागतात. घड्याळ लावून अंदाज करता येत नाही, म्हणून छातीतल्या महाधमनीच्या कमानीवर पडद्यावर एक छोटं वर्तुळ ठेवतो आणि तिथला आकडा सतत बघत राहतो. ४०, ४२, ४५... काही सेकंद काहीच हलत नाही. मग ६०, ९०, १३०. आकडा ठरवलेल्या हद्दीवर गेला की मशीन सुटतं आणि कमानीपासून डोक्याच्या टाळूपर्यंत चार-पाच सेकंदांत धावतं. मेंदूत धमनीतून शिरेत रक्त जायला फार थोडे सेकंद लागतात. जरा उशीर झाला की शिराही उजळतात, आणि मानेत धमनीला खेटून असलेली जाड शीर पांढरी झाली की वाचणाऱ्याचं डोकं दुखतं. घाई झाली तर धमनी अर्धीच भरलेली दिसते आणि नसलेला अडथळा असल्यासारखा वाटतो.

त्या चार-पाच सेकंदांत बाबांनी एवढंच करायचं: गिळायचं नाही, श्वास रोखायचा, मान हलवायची नाही. गिळण्याने गळा वर उचलला जातो आणि मानेतल्या धमनीची जी फांदी फुटते, तिचं चित्र नेमकं तिथेच दुभंगतं. त्यांना आधीच सांगून ठेवा की डाय जाताना गळ्यापासून पोटापर्यंत गरम लाट आल्यासारखी वाटेल, तोंडाला धातूची चव येईल आणि कपड्यात लघवी झाल्याचा भास होईल. झालेली नसते. हे न सांगितलेला माणूस दचकतो आणि नेमक्या क्षणी मान वळवतो. कवळी काढून ठेवायची, चष्मा, कानातलं, गळ्यातलं सगळं. बायकांच्या बाबतीत मंगळसूत्राचा प्रश्न येतो. आमच्याकडे एक सिस्टर आहेत, त्या हळदीत भिजवलेला दोरा खणात तयारच ठेवतात. मंगळसूत्र उतरवायच्या आधी दोरा मनगटाला बांधतात आणि मगच दागिना सासूच्या किंवा मुलीच्या हाती देतात. या एका दोऱ्याने किती जणींची धडधड कमी झालेली मी पाहिली आहे.

आता डॉपलरचं. डॉपलर चांगली तपासणी आहे, त्यात ना डाय, ना किरण. पण ती दाखवते फक्त मानेतला मधला तुकडा. धमनी छातीतून निघते ते मूळ हाडांमागे, आणि कवटीत शिरल्यानंतरचा भाग हाडाच्या आत. तिथे मानेचं डॉपलर पोचत नाही. आपल्याकडे आणि एकूणच आशियाई लोकांत कवटीच्या आतल्या धमन्यांना चरबीचे थर बसण्याचं प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आहे. मधुमेही माणसात तर हमखास शंका घ्यावी. मानेचं डॉपलर निर्मळ आणि आत मेंदूच्या मधल्या धमनीत घट्ट अडथळा, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की नुसत्या डॉपलरवर मी निश्चिंत होत नाही. सीटी अँजिओला जागा नाही आणि डॉपलर आत्ता मिळतंय, तर जरूर करा. पण ते झालं म्हणून अँजिओ रद्द करू नका.

एमआरआयचा तुमच्या शेजाऱ्यांनी दिलेला सल्ला चुकीचा नाही, हे आवर्जून सांगतो. झटक्यात मेंदूचा एखादा ठिपका कायमचा गेला का, हे एमआरआय सीटीपेक्षा फार स्पष्ट दाखवतो, आणि टीआयएनंतर ते कळणं महत्त्वाचं असतं. एमआरआयमध्येही रक्तवाहिन्या बघता येतात, बिना डाय. मात्र त्या पद्धतीत रक्ताच्या वेगावर चित्र बनतं, म्हणून रक्त जिथे भोवरे घेतं तिथे अडथळा असतो त्यापेक्षा मोठा दिसतो. शिवाय अर्धा-पाऊण तास त्या बोगद्यात स्थिर पडावं लागतं, आणि पेसमेकर असेल तर वेगळी चौकशी. तुमच्या डॉक्टरांना दोन्ही हवे असतील तर दोन्ही करा. एकच लगेच मिळतंय आणि दुसऱ्याची तारीख पुढच्या आठवड्याची, तर जे आज मिळतंय ते करा. नियम म्हणून इतकंच सांगेन.

किडनी. ही भीती पूर्ण खोटी नाही, पण तिचं माप चुकलेलं आहे. नुसतं क्रिएटिनिन बघू नका. वय आणि लिंग धरून किडनीच्या गाळण्याचा वेग काढतात, त्याला ईजीएफआर म्हणतात. ६८ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.६ म्हणजे हा वेग साधारण ४६. पूर्वी आम्ही ६० च्या खाली गेलं की घाबरायचो. २०२० साली अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनीतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून जे मत मांडलं, त्यानुसार खरी काळजी ३० च्या खाली, किंवा किडनीला सध्याच काही अचानक इजा झाली असेल तर. म्हणजे बाबा त्या रेषेच्या बऱ्यापैकी वर आहेत. मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर ३० च्या वर असताना ते सहसा थांबवावं लागत नाही. तरी सेंटरवर सांगा, कारण काही ठिकाणी दोन दिवस थांबवायची पद्धत अजून आहे आणि तसं सांगितलं तर ऐका, त्याने नुकसान नाही. हृदयाचा त्रास नसेल तर पाणी व्यवस्थित प्यायला द्या. आणि सांधे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या त्या दोन-तीन दिवसांत अजिबात नकोत. माझ्या अनुभवात डायपेक्षा या गोळ्यांनी आणि उपाशी, तहानलेलं ठेवण्याने किडनीला जास्त त्रास होतो. उपवासावरून आठवलं: बऱ्याच सेंटरवर चार तास काही खाऊ नका म्हणतात. मधुमेही माणसाने इन्सुलिन घेऊन उपाशी राहायचं नाही. वेळ आधी विचारून घ्या आणि साखर पडू देऊ नका.

सुंगटांचं सविस्तर सांगतो, कारण गोव्यात हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं, आणि यामुळे गरजेची तपासणी पुढे ढकललेली माणसंही पाहिली आहेत. समज असा: सुंगटं, कुर्ल्या, तिसऱ्या यांत आयोडीन असतं, सुंगटं सोसत नाहीत म्हणजे आयोडीन सोसत नाही, आणि डायमध्ये आयोडीनच, म्हणजे डाय घातक. साखळी ऐकायला पटते, पण तिचा पहिलाच दुवा तुटका आहे. सुंगटांची अ‍ॅलर्जी त्यातल्या आयोडीनची नसते. ती त्यांच्या स्नायूंतल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाची असते. आयोडीनची अ‍ॅलर्जी होऊच शकत नाही. आपल्या थायरॉइडच्या रसात आयोडीन आहे, घरच्या मिठात आहे. बाबा रोज जे मीठ जेवतात त्यातल्या आयोडीनने गांधी उठत नाहीत ना? जखमेला लावायच्या तपकिरी औषधाने कातडी लाल होते, तीही आयोडीनची अ‍ॅलर्जी नव्हे.

मग डायची प्रतिक्रिया येतच नाही का? येते. पण ती डायच्या रेणूची, माशाशी तिचा संबंध नाही. आजच्या डायमध्ये गंभीर प्रतिक्रियेचं प्रमाण दहा हजारांत चारच्या आसपास. सौम्य खाज किंवा उलटी त्याहून जास्त जणांना होते आणि औषधाने बसते. ज्या गोष्टी मला नक्की कळायला हव्यात त्या अशा: पूर्वी कधी याच डायने, म्हणजे सीटीत किंवा हृदयाच्या अँजिओग्राफीत, त्रास झाला होता का? दमा आहे का? थायरॉइड वाढलेला आहे का? पूर्वी डायने त्रास झाला असेल तर वेगळ्या जातीचं डाय वापरतो आणि आदल्या दिवसापासून स्टेरॉइडच्या गोळ्या देतो. बाबांच्या बाबतीत तुम्ही फक्त सुंगटांचं लिहिलंय. तेवढ्यावरून गोळ्यांचीही गरज नाही. काही ठिकाणी कातडीत थोडं डाय टोचून ‘टेस्ट’ करतात. तिने पुढचं काहीच सांगता येत नाही. ती निर्मळ आली तरी प्रतिक्रिया येऊ शकते. त्यापेक्षा स्कॅननंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात का आणि अ‍ॅड्रेनालिन हाताशी आहे का, हे महत्त्वाचं.

किरणांबद्दल थोडक्यात. मान आणि डोक्याच्या या स्कॅनमध्ये साधारण ३ ते ५ मिलिसिव्हर्ट किरण मिळतात. पृथ्वीवर नुसतं राहून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. ६८ व्या वर्षी, टीआयएनंतर, हा हिशेब मांडायचीही गरज नाही. पंचविशीतल्या मुलीचं नेहमीचं अर्धशिशीचं डोकं दुखतंय म्हणून कोणी हीच तपासणी लिहिली असती तर मीच फोन करून विचारलं असतं, कशासाठी?

मशीनबद्दलची तुमची चिंता मला समजते, कारण जाहिरातींत आकडेच दिसतात: १२८, २५६, ३२०. आकडा मोठा म्हणजे एका फेऱ्यात शरीराचा मोठा पट्टा पकडला जातो. ६४ स्लाइसची मशीनं २००४ च्या सुमारास आली, आणि मान-डोक्याच्या धमन्या स्वच्छ बघायला ती पुरेशी आहेत. ३२० वालं मशीन टेबल न हलवता १६ सेंटिमीटर पकडतं, त्यामुळे संपूर्ण मेंदूत रक्त कसं भरतं आणि उतरतं हे सलग बघता येतं. पक्षाघाताचा झटका चालू असताना मेंदूचा कोणता भाग अजून वाचवता येईल ते ठरवायला हे फार उपयोगी. दोन वेगळ्या ऊर्जांच्या किरणांनी एकाच वेळी बघणारी मशीनं हाड आणि चुना (धमनीत साचलेलं कॅल्शियम) आयोडीनपासून वेगळा काढतात. बाबांसारख्या जुन्या मधुमेह्याच्या धमनीत चुन्याचे जाड थर असतील तर त्याचा फायदा होतो, कारण चुना चित्रात फुगतो आणि अडथळा असतो त्यापेक्षा जास्त दाखवतो. फोटॉन मोजणारी मशीनं २०२१ पासून वापरात आली आहेत, ती याच बाबतीत अजून पुढे आहेत. पण यातल्या कशासाठीही मुंबईच्या गाडीत बसण्यात दोन दिवस घालवू नका. तुमच्यासाठी फरक पडतो तो सुई कुठे लागली, वेळ साधली का आणि वाचणाऱ्याने वेळ देऊन वाचलं का, यानेच.

वाचण्याबद्दलही एक गोष्ट. तुमच्या हातात जी रंगीत, गोल फिरणारी चित्रं येतील, लाल धमन्या आणि पांढरी कवटी, ती दिसायला सुंदर असतात. त्यांवर मी निदान करत नाही. मी वाचतो ते अर्ध्या मिलिमीटरचे करडे काप, सातशे-आठशे तरी, एकेक धमनी मुळापासून शेवटापर्यंत बोट धरून चालल्यासारखी. रंगीत चित्रात संगणक काही गाळतो, काही जोडतो. म्हणून सेंटरवरून नुसत्या फिल्म आणू नका, सीडी मागून घ्या. उद्या रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाला दाखवायची वेळ आली तर त्याला तेच काप लागतील, आणि ते नसतील तर पुन्हा डाय, पुन्हा स्कॅन.

रिपोर्टमध्ये काय बघायचं? झटका उजव्या हाताला आणि बोलण्याला आला, म्हणजे दोष बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तपुरवठ्यात. त्यामुळे डाव्या इंटर्नल कॅरॉटिडची, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीची, ओळ आधी शोधा. जबड्याच्या कोपऱ्याखाली जिथे मोठ्या धमनीला दोन फांद्या फुटतात, तिथेच थर जास्त बसतात. तिथे टक्केवारी लिहिलेली असेल. सर्वांत अरुंद जागेचा व्यास आणि तिच्या पुढच्या निरोगी भागाचा व्यास यांची तुलना करून ती काढतात. ही पद्धत उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून आली. १९९१ साली त्यातून दिसलं की ज्यांना लक्षणं आली होती आणि अडथळा ७० टक्के किंवा जास्त होता, त्यांपैकी नुसत्या औषधांवर असलेल्यांत दोन वर्षांत शंभरातल्या २६ जणांना त्याच बाजूचा पक्षाघात झाला, आणि धमनीतला थर काढायची शस्त्रक्रिया केलेल्यांत ९ जणांना. औषधं आज पुष्कळ सुधारली आहेत, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे लावू नका. पण शस्त्रक्रियेचा फायदा झटक्यानंतर दोन आठवड्यांच्या आत केली तर सर्वाधिक, हे आजही धरलं जातं. आता दिवस मोजा. परवाचा झटका, चतुर्थी आठ दिवसांनी, ती झाल्यावर विसर्जनाचे दिवस, मग तपासणी, मग अपॉइंटमेंट. दोन आठवडे तिथेच संपतात.

अडथळा ५० टक्क्यांच्या खाली असेल तर सहसा औषधंच. मधल्या पट्ट्यात, ५० ते ६९, माणसागणिक ठरतं: वय, बाकीचे आजार, शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात. कवटीच्या आतल्या धमनीत अडथळा असेल तर बहुतेकदा जोरदार औषधोपचार. आणि सगळ्या धमन्या निर्मळ आल्या तर तोही मोलाचा निष्कर्ष आहे. मग डॉक्टर हृदयाकडे वळतील, ठोके अनियमित होऊन तिथे गुठळी होते का ते बघायला.

रिपोर्टमधल्या दोन-तीन गोष्टींनी घाबरू नका. ‘उजवी व्हर्टिब्रल धमनी बारीक’ असं पुष्कळांत लिहिलेलं असतं. मानेच्या मागच्या दोन धमन्यांपैकी एक जन्मतःच बारीक असणं अगदी नेहमीचं आहे. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं, थॉमस विलिसने १६६४ साली त्याचं वर्णन केलं. पुस्तकातल्या चित्रासारखं पूर्ण कडं निम्म्याहून कमी माणसांत सापडतं. तेव्हा ‘कडं अपूर्ण’ वाचून झोप उडवू नका. थायरॉइडमधली गाठ किंवा फुफ्फुसाच्या टोकावरचा जुना डाग, हे त्याच चित्रात येतं म्हणून लिहावं लागतं; ते डॉक्टरांना दाखवा, पण धमनीचं काम आधी.

आणि हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडलं, मग ते पाच मिनिटांत बरं का होईना, १०८ ला फोन करायचा आणि लक्षण सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहायची. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी धमनी बंद झाली असेल तर नळी घालून गुठळी ओढून काढता येते. २०१५ साली लागोपाठ आलेल्या पाच अभ्यासांनी ते सिद्ध झालं, आणि २०१८ नंतर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही ते करतात. कोणाला करायचं हे याच सीटी अँजिओवर ठरतं. अशा वेळी आम्ही क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी थांबतच नाही. वाळपईहून बांबोळीला गोमेकॉपर्यंत (गोवा मेडिकल कॉलेजपर्यंत) पोचायलाच तासभर तरी जातो, त्यामुळे आधी जवळच्या दवाखान्यात दाखवू, मग बघू, असं करू नका. फोनवरच लक्षणं सांगा, म्हणजे कुठे न्यायचं ते १०८ वालेच ठरवतील.

बाबा ऐकत नाहीत म्हणता. त्यांना घाबरवून उपयोग नाही, मी करून पाहिलं आहे. असं सांगून बघा की तपासणी दहा मिनिटांची आहे, त्याच दिवशी घरी येता येतं, आणि चतुर्थीला ते घरातच हवेत म्हणून आज जायचं. माटोळीचं सामान त्यांनी निवडावं, कुठे काय बांधायचं ते खाली खुर्चीत बसून सांगावं. शिडीवर यंदा तुम्ही चढा. ज्याचा हात परवा पंधरा मिनिटं गेला होता त्याने शिडीवर चढू नये, रिपोर्ट काहीही येवो. अ‍ॅस्पिरिनची गोळी सणाच्या गडबडीत एक दिवसही चुकू देऊ नका. रिपोर्ट हातात आला की डाव्या कॅरॉटिडची ओळ जशीच्या तशी लिहून मला कळवा.